बसून पाहायचा बाजार, फाडून खायचा पाव

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उभ्याने पाहिला तर निम्मा राहून जातो. मंडईत दुकानं आहेत, ओटे आहेत, कापडाच्या आणि भांड्यांच्या गल्ल्या आहेत. त्यांतून चालणारा मोठा माणूस डोळ्यांसमोर जे टांगलेलं असेल तेवढं बघत पुढे सरकतो. या बाजाराची खरी श्रीमंती जमिनीवर आहे. बार्देशातल्या गावागावांतून, पेडणे-डिचोलीहून, पलीकडे बांदा-सावंतवाडीकडूनही बायका सकाळीच येतात, गोणपाट अंथरतात आणि परसात, कुळागरात, मिठागरात जे आलं ते पुढ्यात मांडून बसतात. बसलेल्या बाईचे डोळे आणि पाच-सहा वर्षांच्या पोराचे डोळे एका उंचीवर येतात. त्यांची बोलणी मग आपल्या कमरेपाशी, आपल्याला वगळून सुरू होतात. या बाजाराची गोडी घ्यायची तर लेकराला बरोबर न्यावं आणि ते जिथे बसेल तिथे आपणही बसावं.

बसल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतो तो वाटा. तराजू सगळीकडे आला, डिजिटल काटेही आले, पण भुईवर बसणाऱ्या बाईचं माप अजून वाटाच आहे. चार लिंबं खाली, एक वर. मिरच्यांची देठं सगळी एका बाजूला. करवंदं पानावर, ओंजळभर. उभ्याने पाहणाऱ्याला हे नुसते ढीग दिसतात. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. तिने एका वाट्यासमोर बसून वरचं लिंबू बोटाने जरासं हलवून पाहिलं, खालची चार ढळतात का ते बघितलं आणि मग शेजारच्या वाट्याकडे मोर्चा वळवला. कुठला चांगला, हे तिला ठरवता येईना. बाईने तिला मुळीच घाई केली नाही. "सगळे एकूच गो बाय, खंयचोय घे," एवढंच म्हणाली. ते खरंच होतं. एका वाट्यात फार मोठी फळं जाऊ नयेत, दुसऱ्यात फार बारकी उरू नयेत, ही वाटणी त्या बाईने भल्या सकाळी करून ठेवलेली असते. तिची ही न्यायबुद्धी आणि तिचा सौंदर्यविचार त्या पाच लिंबांत शेजारी शेजारी बसलेले असतात. मला या बाजारात सर्वांत जास्त आवडतं ते हेच.

जायचं तर मे महिन्यात जावं. पावसाळ्याची बेगमी करायचे हे दिवस. गोव्यात तिला पुरुमेत म्हणतात. चार महिने मासेमारी बंद किंवा बेभरवशाची, वाटा निसरड्या, लाकूडफाटा ओला. म्हणून सुकी मासळी, मीठ, मिरच्या, सोलं, कांदे, चिंच हे सगळं मेअखेर घरात येऊन पडलं पाहिजे, असा जुना दंडक. फ्रीज आले तरी तो मोडला नाही, कारण त्यात गरजेइतकीच चवही आहे. शाळांना सुट्टी असते, आंबा ऐन भरात असतो, आणि बाजारातल्या बहुतेक वस्तू उन्हात वाळलेल्या असल्यामुळे त्या दिवसांत म्हापशाला एक खारट-आंबट-तिखट वास येतो. तो वास पोरांना ओळखता यायला हवा.

मिठापाशी आम्ही बराच वेळ थांबतो. आगरवाडा, हडफडे, नेरूळ इथल्या मिठागरांतलं मीठ जाड, करड्या झाकेचं आणि किंचित ओलसर असतं. पाऊस आला की मिठागरं बुडतात, त्यामुळे हे पीक उन्हाळ्याचंच. मुलीने एक खडा जिभेवर ठेवला. पाकिटातलं मीठ जिभेला लागताच विरघळतं. हा खडा बसून राहिला, कडा बोथट होत गेल्या, तिने तो या गालातून त्या गालात फिरवला आणि शेवटी दाताखाली फोडला. चेहऱ्यावर सगळा प्रवास उमटत होता. लोणच्याला आणि मासळीला हेच मीठ लागतं, कारण ते हळूहळू सुटतं. स्वयंपाकघरात हे वाक्य मी तिला कितीदा ऐकवलं असतं तरी व्यर्थ होतं.

मिरच्यांच्या बाबतीत गोवा फार हळवा आहे. हळदोण्याची, हरमलची, दूर दक्षिणेला काणकोणातल्या खोल्याची: मिरचीला इथे गावाच्या नावाने ओळखतात. खोल्याच्या मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिखटाइतकंच महत्त्व रंगाला, कारण हुमणाला आणि शाकुतीला जो लाल रंग हवा तो मिरचीच देते. या राशींपाशी लहान मूल शिंकतंच. शिंकू द्यावं. त्यानंतर त्याला दोन वेगवेगळ्या राशी दाखवून रंग ताडून पाहायला सांगावं; मोठ्यांना "लाल" दिसतं तिथे मुलांना दोन-तीन रंग सहज दिसतात.

कांद्याच्या माळांवर तर मुलीचा जीवच जडला. गावठी कांदे सुकल्या पातीसकट एकमेकांत गुंफून त्यांची लांब वेणी घालतात, आणि ती माळ पुढे पावसाळाभर स्वयंपाकघरात वाशाला टांगलेली राहते. रोज लागतील तेवढे कांदे खालून तोडून घ्यायचे. तिने माळ दोन्ही हातांनी उचलून पाहिली तर ती तिच्याहून उंच. वेणीतल्या पातीचा एक पदर तिने सोडवला, तेव्हा बाईने तो तिच्याच हातून परत गुंफून घेतला. गुंफण सोपी आहे. नवा कांदा घेताना त्याची पात आधीच्या दोन पातींत अडकवायची आणि वर ओढायचं, एवढंच. ओढ मात्र बेताची हवी. जोरात ओढलं की सुकी पात तुटते आणि कांदा हातात येतो.

घाटावरून, बेळगावाकडून चोर्ला घाटातून येणारी भाजीही इथे भरपूर असते. ती वाईट नसते. गोव्याचं रोजचं जेवण तिच्यावरच चालतं. पण "गावठी" हा शब्द या बाजारात आदराने उच्चारला जातो, आणि गावठी वस्तू ओळखण्याचा खेळ मुलांबरोबर खेळण्यासारखा आहे. गावठी अंडी लहान-मोठी असतात. गावठी काकडी वाकडी असते. मानकुराद आंब्याच्या सालीवर बहुधा काळे ठिपके असतात, आणि गुळगुळीत, झगझगीत आंब्याकडे जाणारा मुलांचा हात तिथे हमखास फसतो. आंबेवालीने आमच्या मुलीला ठिपक्यांचा आंबा दिला आणि देठापाशी हुंगायला लावला. देठापाशीच का, तर आंब्याचा वास तिथून आधी बाहेर येतो. मानकुरादला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामाच्या सुरुवातीला डझनाचा भाव हजारांत असतो आणि मे महिन्यात तो आपल्यासारख्यांच्या आवाक्यात उतरतो. मोयड्याची मिंडोळी केळी, रतांब्याची सोलं, सुक्या सुंगटांच्या राशी, दोरीला ओळीने टांगलेली चोरिसं हे सगळं धावतं पाहिलं तरी चालेल. एका खेपेला लहान मुलाच्या मनात चार-पाच गोष्टींहून जास्त मावत नाहीत, आणि ओढून ताणून भरल्या तर चारही सांडतात.

एक नियम मात्र मी कटाक्षाने पाळते. बाजार आधी, बेकरी नंतर. तोंड एकदा गोड झालं की मुलाला मिठाचा खडा आणि देठाचा वास यांत काही रस उरत नाही.

पोदेराच्या भट्टीवर जायची वेळ दुपारची, चारच्या सुमाराची. पोदेर म्हणजे पाव भाजणारा. गोव्यात पाव पोर्तुगीज काळात आला, आणि सासष्टीतल्या, विशेषतः माजोर्ड्याच्या लोकांनी ही विद्या जेझुइट पाद्र्यांकडून घेतली असं मानलं जातं. युरोपातलं आंबवण इथे नव्हतं. माडाची सूर होती. पीठ सुरेने फुगवलं आणि पावाला स्वतःची चव मिळाली, किंचित आंबूस, किंचित गोडसर. माडावर चढणारे रेंदेर आता कमी झाले, त्यामुळे बहुतेक भट्ट्यांत यीस्ट वापरतात. फरक जिभेला कळतो, याचं मला दुःख आहे. तरी लाकडाची भट्टी टिकून आहे तोवर अर्धा पाव टिकून आहे.

भट्टीच्या तोंडापासून मुलांना लांब उभं करावं, पण दिसेल असं. आतून घुमटाकार, जमीन तापून पांढरट झालेली. आधी लाकूड जाळून भट्टी तापवतात, मग निखारे बाजूला सारतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पिठाचे गोळे आत सरकवतात. त्या फळीचा झटका पाहण्यासारखा असतो. फळी आत जाते, मनगट हलतं, फळी रिकामी बाहेर येते आणि गोळे जागच्या जागी बसलेले असतात. आमच्या मुलीने घरी येऊन जेवणाच्या ताटात उलथन्यावरून चपातीचे तुकडे याच झटक्याने टाकायचा सराव मांडला, आणि आम्ही तिला थांबवलं नाही.

मग पाव बाहेर येतात. उंडो गोल, कडक कवचाचा, आतून मऊ. रोस-ऑम्लेटाचा रस्सा पिण्यासाठीच जणू घडवलेला. कातरो पाव कातरीने छेद दिलेला, त्याच्या कडा दोन्हीकडे उमललेल्या. कांकण म्हणजे कुरकुरीत कडं, चहात बुडवायचं; लहान मुलं ते आधी मनगटात घालतात, मग खातात. आणि पोय. सगळ्यांत थोर पाव कुठला, असं कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता पोय म्हणेन. गव्हाच्या पिठाची, कोंड्यात घोळलेली, भट्टीच्या आचेने तिच्या आतली वाफ दोन पापुद्रे वेगळे करते आणि ती टम्म फुगते. बाहेर येऊन निवताना ती बसू लागते. मधल्या दोन-तीन मिनिटांत तिला उघडायचं असतं.

पोय सुरीने कापू नये. मुलीने ती दोन्ही हातांत धरली, बोटांना कोंडा लागला, कडेला अंगठा घातला आणि ओढली. आतून वाफेचा झोत आला आणि तिने चेहरा मागे घेतला, मग लगेच पुढे नेला. आत काहीच नव्हतं. "आई, ही रिकामी आहे!" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, शोध लागल्याचा आनंद होता. पोयीचं सगळं मर्म या पोकळीत आहे. कवच कोंड्यामुळे खरखरीत, आतली बाजू ओलसर आणि मऊ, आणि मधली जागा तुम्ही भराल त्यासाठी मोकळी: पातळ भाजी, चोरिस, नुसतं लोणी, काहीही. भट्टीवरच्या माणसाने तिला मिठाचं बोट लावलेलं लोणी दिलं. ते वाफेने आतल्या भिंतीवर वितळलं आणि खालच्या पापुद्र्यात मुरलं. वरचा पापुद्रा तिने कोरडाच खाल्ला. एका पोयीत दोन चवी असतात हे तिने स्वतः शोधून काढलं, आणि मला ते तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

भट्टीवर जाणं जमलं नाही तर पोदेर दारात येतोच. सकाळी उजाडता आणि पुन्हा दुपार कलताना, सायकलच्या मागे पाटी, वर प्लास्टिक झाकलेलं आणि हँडलला रबरी भोंगा. सासूबाईंनी त्यांच्या लहानपणीचा पोदेर पाहिलेला आहे: काबाय नावाचा लांब अंगरखा, डोक्यावर टोपी, हातात चकत्या लावलेली काठी. ती जमिनीवर आपटली की छणछणाट व्हायचा आणि पोरं धावायची. आता भोंग्याला धावतात. आमच्या वाड्यावर दोन पोदेर येतात आणि मुलगी भोंग्याच्या आवाजावरून कोण आला ते सांगते. आजीला हे जमत नाही म्हणून ती तिला ते शिकवायला बसते.

गोड हवंच असेल तर त्यासाठी पणजीला जावं. तिथे मिस्टर बेकर १९२२ पासून आहे आणि फोंतेन्यशच्या जुन्या गल्ल्यांतही बेकरी आहेत. बेबिंका घ्यावी. अंड्याचा पिवळा बलक, नारळाचा घट्ट रस, साखर, मैदा, तूप आणि जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, त्यावर तूप, मग पुढचा थर. जुन्या घरांत मडक्याच्या झाकणावर सोडणांचे निखारे ठेवून हे करत. थर सात असावेत असं म्हणतात, हौशी बायका सोळापर्यंत नेतात. यात घाई चालत नाही. एक थर कच्चा राहिला की सगळ्या वड्या ढासळतात. माझं मत असं, की बेबिंका उभी कापून सगळे थर एका घासात घ्यावेत, म्हणजे भाजलेपणाचा कडवटसर वास आणि नारळाचा मऊपणा एकदमच तोंडात येतो. मुलीला हे अजिबात मान्य नाही. ती काट्याच्या टोकाने एकेक थर सोलते, उजेडात धरते, मोजते आणि मग खाते. शेवटच्या खेपेला ती सहावर थांबली आणि दुकानातल्या काकांना तिने सातवा कुठे गेला ते विचारलं. काकांनी वडी जवळ घेतली, चष्मा वर सारला, आणि दोघांनी मिळून पुन्हा मोजायला सुरुवात केली.