‘टाकाऊ लाकूड’ : एका संज्ञेची चिकित्सा

लाकडापासून ऊर्जानिर्मिती करण्याविषयीच्या मराठी लेखनात ‘टाकाऊ लाकूड’ ही संज्ञा सर्रास योजली जाते. ती वर्णनपर भासते. वस्तुतः तीत एक निर्णय दडलेला आहे : हा माल कोणालाच नको, म्हणून तो फुकट. सॉ-मिलमधील व्यवहार असे मानीत नाही. भुसा, ढलप्या, साल या निरनिराळ्या नावांमागे निरनिराळी गिऱ्हाइके असतात. भुसा शेगडीत जळतो, तसाच कोंबड्यांखाली अंथरलाही जातो. जर्मन व्यापारभाषेत तर या मालास ‘झेगेनेबेनप्रोडुक्टे’, म्हणजे करवतकामाची उपउत्पादने, असे नाव आहे. कागदाचे व पार्टिकल बोर्डाचे कारखाने तो विकत घेतात.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ऑस्ट्रियातील ग्युसिंग येथे २००१ साली ढलप्यांच्या वायूवर सुमारे २ मेगावॅट वीज निर्माण करणारे केंद्र उभे राहिले. पुढे लाकूड महागले, विजेचा हमीदर संपला, आणि २०१६ साली ते बंद पडले. तेथील इंधनास भाव होता. ग्रामीण सॉ-मिलला ऊर्जेचा धंदा जोडू पाहणाऱ्याने ‘टाकाऊ’ हा शब्द स्वीकारला, की खर्चाचा एक रकाना आरंभीच कोरा राहतो. ‘उपउत्पादन’ म्हटल्यास तो भरावा लागतो. संज्ञा बदलल्याने लाकूड स्वस्त होणार नाही. परंतु त्याचा भाव विचारण्याचे विस्मरण तरी होणार नाही.