गोठविलेला देह आणि किसागोतमी

मृतदेह द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंश तापमानात ठेवावा आणि भावी वैद्यकाने तो पुन्हा उठवावा, अशी आशा बाळगणारा एक वर्ग अमेरिकेत आहे. प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड यांचा देह जानेवारी १९६७ पासून असा ठेवलेला आहे. (आपल्या अकोला-अमरावतीकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांतही हेच नत्र असते, पण तेथे वळूचे जिवंत बीज जपतात.) या वर्गात पुरुष बहुसंख्य असून त्यांच्या पत्नींचा पुष्कळदा विरोध असतो. मायकेल डार्विन, चाना डी वुल्फ व अॅश्विन डी वुल्फ यांनी २००८ साली या विरोधाची मीमांसा केली आणि त्याला ‘वैरी पत्नी’ची समस्या म्हटले.

लेखकत्रयीत एक स्त्री आहे, कारणांचा शोधही प्रामाणिक आहे. दोष नावातच आहे. विरोधाला वैर म्हटले की पत्नी ही पतीच्या वाटेतील धोंड ठरते.

मृत्यूचा नकार हा काही केवळ पुरुषस्वभाव नव्हे. अट्ठकथेतील किसागोतमी मृत बालकाला कडेवर घेऊन दारोदार औषध मागत हिंडली. मात्र ते औषध तिला स्वतःसाठी नको होते. या चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट एटिंजर यांनी १९७७ साली आपल्या मातेचा देह जपला, तोही वियोगापोटीच. तेव्हा खरी सीमारेषा स्त्री-पुरुषांमधली नसून भवतण्हा आणि वियोगदुःख यांमधली आहे. पती स्वतःचे पुढचे जीवन राखू पाहतो. मागे राहणारीला ना दहन, ना अस्थी, ना शोकाला शेवट. या मागणीला ती नकार देते, त्यात वैर कोठे आहे?

थेरीगाथेतील उब्बिरी ‘जीवा’ या मृत कन्येसाठी आक्रोश करते. याच स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार कन्या जळाल्या, त्यांतील कोणासाठी रडतेस, असे तथागत तिला विचारतात. वऱ्हाडच्या वाचकास येथे गाडगेबाबा आठवतील. शेंडगावी जन्मलेल्या आणि दापुऱ्यास वाढलेल्या या कीर्तनकाराला १९२३ साली कोकणात कीर्तन चालू असताना पुत्र गोविंदाच्या निधनाची वार्ता आली. मरणारे कोट्यवधी, एकासाठी काय रडावे, या भावनेने त्यांनी कीर्तन पुढे चालविले. पित्याचे हे वैराग्य आपण आदराने सांगतो. माता कुंताबाईंचा शोक त्या कथेच्या कडेला राहतो. उब्बिरीचा शोक आणि त्याचे शमन मात्र संग्रहकारांनी तिच्याच मुखी ठेवले आहे.