मोडक्या भाषेचा हक्क

परकी भाषा शिकवणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. तीस दिवसांत भाषा अवगत होईल, असे आश्वासन त्यांच्या मुखपृष्ठावरच असते. झुंपा लाहिरी यांचे 'इन आल्त्रे पारोले', म्हणजे 'दुसऱ्या शब्दांत', हे पुस्तक मात्र वीस वर्षे शिकूनही भाषा पुरती हाती येत नाही, असे सांगते. आणि तरीही ते आनंदाचे पुस्तक आहे. म्हणूनच आमच्या उर्दू माध्यमाच्या शिक्षक बंधुभगिनींनी ते वाचावे, असा आमचा आग्रह आहे.

लाहिरींचा जन्म १९६७ चा, लंडनमधला. त्या वाढल्या अमेरिकेत. घरात बंगाली, बाहेर इंग्रजी. इंग्रजी कथांसाठी त्यांना २००० साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९९४ साली बहिणीबरोबर फ्लॉरेन्सला गेल्या असता इटालियन भाषेने त्यांना वेड लावले. पुढे न्यूयॉर्कमध्ये एकामागून एक शिक्षक झाले, खंड पडले, पुन्हा सुरुवात झाली. २०१२ साली त्या कुटुंबासह रोमला राहायला गेल्या आणि २०१५ साली हे पुस्तक इटालियनमध्येच लिहून प्रसिद्ध केले. ज्या भाषेने नाव दिले ती बाजूला ठेवून, जिच्यात पावलोपावली अडखळायला होते त्या भाषेत लिहायचे! या सौद्यात नफा काय, असे आपल्याकडे कोणीही विचारील. लाहिरींना त्याचे उत्तर देण्याची घाई नाही. त्या शब्द वेचतात, वहीत उतरवतात, विसरतात, पुन्हा उतरवतात. रानात टोपली घेऊन फिरावे तसे हे चालते.

पुस्तकातील आम्हाला सर्वांत भावलेला भाग अपूर्ण भूतकाळाविषयीचा आहे. इटालियनमध्ये घडून गेलेली गोष्ट आणि घडत असलेली गोष्ट यांसाठी क्रियापदाची रूपे वेगळी. लाहिरींना हा भेद पुनःपुन्हा चकवतो. हे वाचताना आमच्या वर्गातला नपुंसकलिंगाचा गोंधळ डोळ्यांसमोर आला. उर्दूत लिंगे दोनच. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून मूल सरळ 'ती पुस्तक' म्हणते. त्यामागे त्याचा स्वतःचा एक हिशेब असतो, तो चुकीचा असला तरी. आम्ही शिक्षक मात्र लाल रेघ ओढून मोकळे होतो. मराठी आम्हाला परकी नाही. ती आमच्या बाजाराची, एस.टी.ची, शेजाऱ्यांची भाषा आहे. शाळेत मात्र ती पास होण्यापुरती उरते. ज्या मुलाला दहा वर्षांत एकदाही मोडक्यातोडक्या मराठीत मनातले काही लिहू दिले नाही, त्याला चिकाटी नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

यानंतर येते ते 'भिंत' हे प्रकरण. सालेर्नो शहरातील एका कपड्याच्या दुकानात लाहिरी विक्रेतीशी इटालियनमध्ये बोलत असतात. मग त्यांचे पती येतात. त्यांचे इटालियन पत्नीपेक्षा कच्चे, उच्चारात स्पॅनिशची छटा. परंतु चेहरामोहरा इटालियन वाटावा असा. विक्रेती पतीच्याच भाषेचे कौतुक करते. वर्षानुवर्षांची मेहनत चेहऱ्यापाशी येऊन थांबते. कोलकात्यातही त्यांना बंगाली येत नसेल असे धरून लोक इंग्रजीत बोलतात, हे त्या सांगतात तेव्हा जखम आणखी खोल जाते.

आमच्या वाचकांना ही भिंत नवी नाही. पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राहिलेल्या माणसाला, नाव ऐकताच, 'तुमचं मराठी छान आहे हो!' अशी दाद मिळते. दाद देणाऱ्याच्या मनात खोट नसते, तरी ती ऐकणाऱ्याला पाहुणा करून सोडते. लाहिरींनी हा अनुभव आरडाओरड न करता लिहिला आहे आणि भिंत शिकणाऱ्याने बांधलेली नाही, हे स्पष्ट केले आहे.

पुस्तकात उणिवा आहेत. उपमांची गर्दी फार. कधी तळे, कधी मचाण, कधी नवजात बाळ. एक मनात ठसते न ठसते तोच दुसरी येते. मध्ये घातलेल्या कथा निबंधांपुढे फिक्या वाटतात. शिवाय ही हौस परवडणाऱ्या माणसाची आहे. पोटासाठी आखातात जाऊन अरबी बोलायला शिकलेला कोकणातला मजूरही याच वाटेने गेलेला असतो. त्याच्याकडे वही नसते आणि चुकीची किंमत मालकाच्या शब्दात मोजावी लागते. लाहिरींच्या नजरेत हा शिकणारा येत नाही, ही आमची मोठी तक्रार.

आम्ही हे पुस्तक अ‍ॅन गोल्डस्टीन यांच्या २०१६ च्या इंग्रजी अनुवादातून वाचले. समोरासमोरच्या पानांवर मूळ इटालियन छापले आहे. अनुवाद लाहिरींनी स्वतः केला नाही, कारण हात इंग्रजीत तयार असल्याने आपण मूळ मजकुराचे खडबडीतपण घासून टाकू, अशी त्यांना भीती वाटली. पुढे २०१८ साली त्यांची 'दोवे मी त्रोवो' ही इटालियन कादंबरी आली. तिचे इंग्रजी मात्र त्यांनी स्वतःच केले आणि ते 'व्हेअरअबाउट्स' या नावाने २०२१ साली प्रसिद्ध झाले. तोवर ती भीती ओसरली असावी.