मुखवट्यामागचा माणूस

मालिकेतील दुय्यम पात्र स्वतंत्र मालिकेचा भार पेलू शकते काय? 'फ्रेंड्स' ही अमेरिकन मालिका २००४ मध्ये संपताच तीतील जोईवर नवी मालिका निघाली. २००६ मध्ये ती बंद पडली. मित्रांच्या सहवासात खुलणारा त्याचा भाबडेपणा एकटा पडताच निस्तेज झाला.

'ब्रेकिंग बॅड'मध्ये २००९ साली अवतरलेला वकील सॉल गुडमन हाही हशा पिकवणारा, गुन्हेगारांना पळवाटा दाखवणारा इसम. तरीही 'बेटर कॉल सॉल' २०१५ ते २०२२ या काळात ६३ भाग चालली. हा मुखवटा त्याने का चढवला, हा प्रश्न लेखकांनी धरून ठेवला. उत्तरादाखल भेटतो जिमी मॅकगिल: थोरल्या भावाच्या आदरासाठी आसुसलेला, किमच्या प्रेमास पात्र ठरू पाहणारा.

काही भाग फारच संथ आहेत, हे आम्ही नाकारत नाही. परंतु साडेसात वर्षांच्या शिक्षेची तडजोड पदरात पडली असता जिमी किमच्या देखत न्यायालयात सारे कबूल करतो, ८६ वर्षांचा कारावास पत्करतो आणि आपले खरे नाव परत घेतो. पापनिवेदनाचा अर्थ जाणणाऱ्या आम्हांला हा शेवट परका वाटला नाही. ज्या पात्राला सद्सद्विवेक आहे, त्याला स्वतःची कथाही असते.