‘सायलेंट स्प्रिंग’ आणि गर्भस्थ मूल

रेचल कार्सन ह्या विदुषीचें ‘सायलेंट स्प्रिंग’ हें पुस्तक 1962 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. पक्ष्यांवांचून मुका झालेला वसंत जिनें रंगविला, त्या लेखणीची थोरवी आम्हीं निराळी सांगावयास नको. परंतु कीटकनाशकांस आईची वार अडवीत नाहीं, तीं गर्भापर्यंत पोंचतात, हें ह्याच ग्रंथांत ओझरतें येऊन जातें, आणि लेखिका पुढें निघते. ग्रंथाचें न्यून दाखवावयाचें तर आम्ही हेंच दाखवूं. मेलेलें पांखरूं अंगणांत दिसतें. गर्भांत मेंदूस झालेली इजा जन्मतांना दिसत नाहीं. मूल हसतें, रांगतें, आणि सातव्या वर्षीं पाढा त्याच्या ध्यानांत राहत नाहीं.

अर्थात् हा दोष लेखिकेचा नव्हे. त्या 1964 सालीं वारल्या. पुरावा मागाहून जमला. कोलंबिया विद्यापीठांतील व्हर्जिनिया राउ व त्यांचे सहकारी यांनीं न्यूयॉर्कमधील नवजात बालकांच्या नाळेच्या रक्तांत क्लोरपायरिफॉसचें प्रमाण मोजलें. हीं कुटुंबें शेतकऱ्यांचीं नव्हेत. औषध घरांतील झुरळांसाठीं मारलेलें. (‘औषध’ हा आमच्याकडील शेतकऱ्यांचा शब्द!) मज्जातंतूंतील संदेश वेळीच आवरणारें द्रव्य निकामी करून किडा मारणें हा त्याचा धर्म. ज्यांच्या रक्तांत तें अधिक, त्या मुलांची स्मरणशक्ति सातव्या वर्षीं उणी भरली, असें 2011 सालीं प्रसिद्ध झालें. पुढील वर्षीं चाळीस मुलांच्या मेंदूच्या चित्रांतहि फरक आढळले. चाळीस ही संख्या लहान, ही शंका वाचकानें अवश्य घ्यावी. परंतु कॅलिफोर्नियांतील शेतमजूर मातांच्या मुलांविषयीं ब्रेंडा एस्केनाझी यांचा स्वतंत्र अभ्यासहि त्याच दिशेस गेला. सर्वांत अधिक व सर्वांत कमी संसर्ग झालेल्यांच्या बुद्ध्यंकांत सात अंकांचें अंतर निघालें.

पालघर जिल्ह्यांत हें पुस्तक वाचणारास मापाचाच प्रश्न पडेल. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकांत बोईसर-तारापूरचें औद्योगिक क्षेत्र 93.69 अंकांनीं देशांत सर्वांच्या वर होतें. त्यांत वायु, जल व भूमि यांची मोजदाद आहे. आरोग्याची आहे ती रुग्णालयांत नोंदलेल्या रुग्णांवरून. पाढा विसरणारें मूल रुग्णालयांत कशास जाईल? शिवाय कारखान्याचें सांडपाणी निराळें आणि शेतांतील फवारणी निराळी. भातखाचरास तो निर्देशांक लागूच नाहीं. लावणीस वांकलेली गरोदर स्त्री कोणत्याच रकान्यांत येत नाहीं. जव्हार-मोखाड्याकडे मूल मागें पडलें कीं कुपोषणाकडे बोट दाखवितात. तें बहुधा खरेंहि असतें, आणि म्हणूनच दुसरें कारण असल्यास तें त्याच्या आड सहज लपतें.

क्लोरपायरिफॉस अमेरिकेंत घरगुती वापरांतून 2001 च्या सुमारास गेलें, युरोपीय संघानें तें 2020 सालीं बंद केलें, आणि 2025 च्या मे महिन्यांत स्टॉकहोम कराराच्या परिषदेनें, कांहीं अपवाद ठेवून, तें वर्ज्य द्रव्यांत घातलें. आमच्या केंद्र सरकारच्या 2023 च्या आदेशानें त्याचा बोर, लिंबूवर्गीय फळें व तंबाखू यांवरील वापर थांबविला. भात त्या यादींत नव्हतें.