खेचरीतील छेदन : रूपक की विधी?

स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’तील (१५ वे शतक) खेचरीप्रकरणाचा अर्थ लावताना जिभेच्या छेदनास निव्वळ रूपक ठरविण्याचा मोह काही विवेचकांस आवरत नाही. ग्रंथाचा आधार मात्र या अर्थास मिळत नाही. स्नुहीच्या, म्हणजे निवडुंगाच्या, पानासारखे तीक्ष्ण व निर्मळ शस्त्र. जिभेखालील बंधाचा केसभरच छेद. त्यावर सैंधव व हिरडा यांच्या चूर्णाचे घर्षण. ७ दिवसांनी पुन्हा तितकाच छेद, आणि हा क्रम ६ महिने. रूपकास इतकी मोजमापे कशाला हवीत? उलट, पुढे गोमांसभक्षणाचा उल्लेख येताच ‘गो’ म्हणजे जीभ व तिचा टाळूतील प्रवेश हेच भक्षण, असा खुलासा ग्रंथकार स्वतःच करतो. छेदनाच्या श्लोकांत त्याने तसे काहीही केलेले नाही. जिभेखाली रक्तवाहिन्या व लाळेच्या नलिका असल्याने हा विधी धोक्याचा आहे, हे निर्विवाद. परंतु तो इशारा तळटीपेत द्यावा, त्यासाठी श्लोकाचा अर्थ फिरवू नये. ‘घेरंडसंहिता’ तर छेदनानंतर लोण्याने जिभेचे दोहन व लोखंडी यंत्राने तिचे कर्षण करावयास सांगते. ते लोखंड कशाचे प्रतीक, हे रूपकवाद्यांनी अवश्य सांगावे.