सेंट डेनिसचे बारा खांब

मध्ययुगीन ख्रिस्तमंदिरांविषयी लिहिताना बहुधा दोन टोके गाठली जातात. कोणाला त्यांत केवळ श्रद्धेचे काव्य दिसते, तर कोणाला राजे व बिशप यांच्या ऐश्वर्याचे प्रदर्शन. पॅरिसजवळील सेंट डेनिसच्या मठमंदिराकडे पाहिले म्हणजे दोन्ही मतांचा अपुरेपणा ध्यानात येतो.

सन ११२२ मध्ये मठाधिपती झालेल्या सूजेरने या जुन्या मंदिराची पुनर्रचना आरंभिली आणि तिचा वृत्तांतही स्वतःच लिहून ठेवला. पूर्वभागातील बारा खांब म्हणजे बारा प्रेषित, त्यांच्या बाहेरील बारा म्हणजे संदेष्टे, असा अर्थ तो लावतो. आधार इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा. परंतु ख्रिस्तामध्ये सर्व रचना वाढत जाते, या पौलाच्या विधानात तो स्वतःची भर घालतो: ती रचना आध्यात्मिक असो वा भौतिक. पौल माणसांच्या मंदिराविषयी बोलत होता. सूजेरने त्यात दगडांनाही स्थान दिले.

या भरीतच मध्ययुगीन वास्तुकलेचे वैभव आहे आणि धोकाही. दगड पवित्र ठरला, की दगडावर ज्याचा अधिकार तोही पवित्र ठरू लागतो. दर्शनी भागावर सूजेरने किल्ल्याच्या तटावर असतात तशा चर्या बांधल्या. त्या शोभेसाठी आणि प्रसंग पडल्यास उपयोगासाठीही, असे तोच सांगतो. मुख्य द्वारावरील अंतिम न्यायाच्या शिल्पात ख्रिस्ताच्या चरणांशी त्याने स्वतःची मूर्ती कोरवून घेतली. ११ जून ११४४ रोजी पूर्वभागाच्या समर्पणविधीत संताच्या अवशेषांची पेटी सातव्या लुई राजाने स्वतः वाहिली. मंदिर राजघराण्याचे दफनस्थान होते. साहजिकच राजाची ही नम्रतादेखील राजसत्तेचे भूषण झाली.

तरीही सूजेरवर अन्याय होऊ नये. सणाच्या गर्दीत स्त्रियांचे किती हाल होत, हे तो पुनर्रचनेचे कारण म्हणून आवर्जून नोंदवतो. नव्या फेरीमार्गामुळे यात्रेकरूंची सोयही झाली. परंतु जनसमुदाय ज्या मध्यभागात उभा राहत असे, तो त्याच्या हयातीत बहुतांशी जुनाच राहिला. त्याची पुनर्बांधणी १२३१ मध्ये सुरू झाली.

धर्मशिक्षकांनी खांबांचा अर्थ जरूर सांगावा. मात्र त्याच अध्यायात प्रेषित व संदेष्टे यांच्या आधी परक्यांचा उल्लेख येतो: ते आता परके नाहीत, देवाच्या घरचे आहेत. सूजेरनेही ते वचन घेतले आहे. मंदिराची परीक्षा त्याच वचनाने करावी. त्या छताखाली परक्याला उभे राहण्यास जागा कोठे ठेवली आहे, हे प्रथम पाहावे. खांब नंतर मोजावेत.